आधी अंदाज, मग घड्याळ : पाचवी ते आठवीच्या मुलांना वेळेचं नियोजन शिकवताना

सातारा-सांगली भागात यंदा पहिल्यांदाच ज्यांच्या हाती पाचवी ते आठवीपैकी एखादा वर्ग आला आहे, त्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. शिकवणी घेणाऱ्यांना आणि आईवडिलांनाही यातलं बरंच कामी येईल. वेळेचं नियोजन या नावाची तासिका शाळेच्या वेळापत्रकात कुठेच नसते. पण गृहपाठ अर्धवट, प्रकल्प आदल्या रात्री, पेपरात शेवटचे दोन प्रश्न सुटले, या आपल्या नेहमीच्या तक्रारी खणत गेलं की खाली हाच विषय सापडतो.

पहिला महिनाभर मुलांना वेळापत्रक करायला लावू नका, हे माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं. आधी त्यांना स्वतःचा वेळ मोजू द्या. स्केचपेनने आखलेलं, ‘पहाटे ५ वाजता उठणे’ने सुरू होणारं वेळापत्रक भिंतीवर चिकटतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडतं. मुलाला वाटतं, खोट आपल्यातच आहे. खरं तर कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे कुणालाच माहीत नसताना तो कागद लिहिलेला असतो. मोजमाप न घेता शिवलेला सदरा अंगात बसत नाही, तसंच हे.

हे वय का?

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे पाचवीतून सहावीत गेलेल्या मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी २०० तास एकदम वाढून येतात. शिवाय तोवर बहुतेक ठिकाणी एकच बाई किंवा गुरुजी सगळं शिकवत असतात आणि आज मुलांवर किती ओझं टाकलंय हे त्यांच्या डोक्यात असतं. पुढे विषयागणिक शिक्षक बदलतात. गणिताच्या सरांना विज्ञानाच्या मॅडमनी काय दिलंय याचा पत्ता नसतो. हे सगळं एकत्र करायचं काम अकरा-बारा वर्षांच्या मुलावर पडतं, आणि ते कसं करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

दुसरी गोष्ट शरीराची. पुढचं बघून आखणी करणं, मोह आवरणं, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणं, ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतात. तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून सातवीतला मुलगा ‘विसरलो’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खरंच विसरलेला असतो. आपण त्याला डोक्याबाहेरचे आधार द्यायचे: वही, फळा, दिनदर्शिका, घड्याळ.

सुरुवातीला गावाचा दिवस समजून घ्या

नवीन शिक्षक बऱ्याचदा दुसऱ्या तालुक्यातून, कधी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले असतात. तुमच्या शाळेच्या गावात दिवस कसा जातो हे आधी विचारा. पाटण-जावळीच्या डोंगरी वाड्यांवरचं मूल पावसाळ्यात चालत किंवा एसटीने येतं. गाडी चुकली तर त्याची संध्याकाळच गेली. कराड, वाळवा, पलूसच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की घरची मोठी माणसं रानात आणि धाकट्या भावंडांची राखण सहावी-सातवीतल्या पोरीकडे. तासगावकडे ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी असते. सांगली-मिरज शहरात शाळेनंतर क्लास, मग दुसरा क्लास. जवळजवळ सगळ्या खेड्यांत धार काढणं आणि डेअरीला दूध घालणं सकाळ-संध्याकाळ ठरलेलं. संकलनाची वेळ टळली की दूध परत आणावं लागतं. तिथे सवलत नाही.

हा बांधलेला वेळ. मुलाच्या हातात नसलेला. राहतो तो मोकळा वेळ, आणि नियोजन फक्त त्याचंच करता येतं. हा फरक पहिल्याच दिवशी मुलांना नीट सांगा, कारण ‘मला वेळच मिळत नाही’ आणि ‘मला ५० मिनिटं मिळतात’ या दोन वाक्यांत सगळं शिकणं आहे.

घरकाम म्हणजे वाया गेलेला वेळ, असा सूर मात्र चुकूनही लावू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, पुढे साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. तिथली मुलं राबत होती आणि शिकत होती. ‘कमवा आणि शिका’ ही या मातीतली गोष्ट आहे. कष्ट करणाऱ्या मुलाला वेळेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही, फक्त मोजायची रीत द्यावी लागते. एखाद्या मुलाचं कामच इतकं असेल की झोप किंवा शाळा मोडतेय, तर तो नियोजनाचा प्रश्न उरत नाही. तिथे घरी जाऊन बोलायचं.

पायरी १ : चार दिवसांची नोंद

आठवडाभराची नोंद मागू नका, मुलं कंटाळतात. शाळेचे दोन दिवस, सकाळच्या शाळेचा शनिवार आणि रविवार, एवढं पुरे. वहीचं एक पान, डावीकडे अर्ध्या अर्ध्या तासाचे आकडे, समोर जे केलं ते. लिहिण्याची वेळ दिवसातून तीनदा : शाळेत आल्यावर, जेवणाच्या सुट्टीत पोषण आहार झाल्यावर आणि झोपण्यापूर्वी. दिवसाअखेरी एकदम लिहायला सांगितलं तर मुलं आपल्याला आवडेल ते लिहितात.

आधीच जाहीर करा : याला गुण नाहीत, हे घरी दाखवलं जाणार नाही, कुणाचं वाचून दाखवलं जाणार नाही. आणि तो शब्द पाळा.

एका पानाकडे जवळून बघू. सहावीतल्या मुलीची संध्याकाळ साधारण अशी उतरते : ‘५.०० शाळा सुटली. ५.३० घरी, चहा. ६.०० शेण, वैरण. ६.३० डेअरी. ७.०० ? ८.०० जेवण. ८.३० टीव्ही व अभ्यास. ९.३० झोप.’

या पानात दोन जागा मोलाच्या आहेत. एक, सात वाजताचं प्रश्नचिन्ह. तिला तो तास आठवतच नाही. हळूच विचारलं की कळतं, डेअरीपुढे मैत्रिणींशी बोलणं, मग धाकट्या भावाला हुडकत गल्लीभर फिरणं. त्यात वाईट काही नाही. पण तो तास तिचा होता आणि तिच्या नकळत गेला. दुसरी जागा, ‘टीव्ही व अभ्यास’. एका ओळीत दोन कामं. तासभर पुस्तक मांडीवर होतं, म्हणून अभ्यास तासभर झाला असं तिला मनापासून वाटतं. पुढच्या पायरीत घड्याळ हा हिशोब आपोआप उघडा करतं. तुम्ही आत्ता तिला टोकू नका.

चार दिवसांनी वर्गात तीन रंग वापरून पान रंगवायला सांगा : झोप एका रंगात, बांधलेला वेळ दुसऱ्या, मोकळा तिसऱ्या. मग प्रत्येकाने आपला मोकळा वेळ मिनिटांत मोजायचा. शहरातलं दोन क्लासवालं मूल आणि जतच्या वस्तीवरचं मूल यांचे आकडे अनेकदा एकमेकांच्या जवळ येतात, फक्त कारणं वेगळी.

झोपेचा रंग मात्र नीट तपासा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, अशी झोपेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. रात्री १० ते पहाटे ५ म्हणजे सातच तास. ‘लवकर निजे लवकर उठे’मधला पहिला अर्धा भाग आपण कुणाला सांगतच नाही. पहाटेचा अभ्यास सुचवायचा असेल तर रात्रीची वेळ आधी ठरवा.

पायरी २ : ‘वाटलं’ आणि ‘लागलं’

सगळ्यात जास्त दिवस इथे घालवा. बाकीच्या पायऱ्या दोन-चार दिवसांत उरकल्या तरी चालतं. ही घाईत उरकली तर पुढचं काहीच धरत नाही.

सुरू करण्याआधी एक चाचणी घ्या. फळ्यावर लिहा : ‘अभ्यासाला बसलो ५.४०, उठलो ७.१५. किती वेळ बसलो?’ सहावी-सातवीच्या वर्गात काही वह्यांत हमखास ‘१ तास ७५ मिनिटे’ सापडेल. मुलाने सव्वासातातून पाच चाळीस वजा केले, पण शंभराचा हातचा घेतला. तासाचे भाग साठ असतात हे वजाबाकीत विसरलं. ज्याला गेलेला वेळ मोजता येत नाही त्याला वेळेचं नियोजन शिकवणं म्हणजे पोकळ भाषण. दोन दिवस गणिताच्या तासाला फक्त हेच घ्या. सोपी रीत : आधी पुढच्या पूर्ण तासापर्यंत जा (५.४० ते ६.०० म्हणजे २० मिनिटं), मग पूर्ण तास (६ ते ७), मग उरलेली मिनिटं (१५). एक तास ३५ मिनिटं. वर्गात काट्यांचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं टांगा. मोबाइलवरच्या आकड्यांत ‘अजून किती राहिलं’ हे डोळ्यांना दिसत नाही, काट्यांत दिसतं.

आता मूळ खेळ. वहीत दोन रकाने : ‘वाटलं’ आणि ‘लागलं’. वर्गात कुठलंही काम देताना विचारा, “हा परिच्छेद उतरवायला किती मिनिटं लागतील? लिही पहिल्या रकान्यात.” मग सुरू. काम संपलं की प्रत्येकाने घड्याळ बघून दुसरा रकाना भरायचा. रोज दोन कामं, दोन आठवडे. एक लिहिण्याचं, एक गणिताचं किंवा चित्राचं. दुसऱ्या आठवड्यापासून घरच्या एका कामालाही हेच लावा.

काय दिसेल ते सांगते. ‘वाटलं १०, लागलं २४.’ ‘वाटलं १५, लागलं १६.’ ‘वाटलं अर्धा तास, लागलं ९.’ तिसरा प्रकार बघून मुलं चकित होतात. ज्या कामाचा धसका घेऊन ते दोन दिवस टाळलं ते नऊ मिनिटांचं निघालं. पहिला प्रकार मात्र सगळ्यात जास्त, आणि तो मुलांपुरता नाही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हे मांडून ठेवलंय : पूर्वी हेच काम लांबलं होतं हे ठाऊक असूनही माणूस पुढचा अंदाज कमीच धरतो. प्रत्येक वेळी वाटतं, यंदा पटकन होईल.

याला उपाय म्हणून ‘जरा जास्त धर’ म्हणू नका. त्याने मुलं आकडा नुसता दुप्पट करतात. सवय लावा ती वहीचं मागचं पान उलटायची. ‘मागच्या वेळी स्वाध्यायाचे तीन प्रश्न लिहायला किती लागले होते? २४. मग आज २४च धर.’ मन सांगेल तो अंदाज बाजूला ठेवून वही सांगेल तो घ्यायचा. हे एकदा अंगवळणी पडलं की मूल नियोजन करायला तयार झालं.

दोन रकान्यांमध्ये फरक का पडला, यावर आठवड्यातून एकदा बोला. कारणं मुलांच्याच तोंडून येऊ द्या : कंपासपेटी हुडकण्यात गेली पाच मिनिटं, प्रश्नच कळला नव्हता, खोडून दोनदा लिहिलं, मधे आईने दुकानात पाठवलं. पहिल्या कारणावर इलाज सोपा आहे, बसण्याआधी साहित्य मांडून घेणं. चौथ्यावर इलाज मुलाच्या हातात नाही, पण ते कारण मांडता येणं हेही शिकणंच. आणि जलद कोण याची चढाओढ मुळीच होऊ देऊ नका. शाबासकी अंदाज बरोबर आलेल्याला. ४० मिनिटं धरून ४१ मिनिटांत काम करणारं संथ मूल या खेळात पहिलं येतं, आणि तसंच यायला हवं.

पायरी ३ : गृहपाठ एका जागी

ही पायरी मुलांपेक्षा शिक्षक खोलीची जास्त आहे. वर्गातल्या फळ्याचा एक कोपरा आखून ठेवा, तो कुणी पुसायचा नाही. प्रत्येक विषयशिक्षकाने आपला गृहपाठ तिथेच लिहायचा आणि समोर अंदाजे मिनिटं टाकायची. तिसऱ्या तासाला आलेल्या सरांना दिसतं की आधीच ५० मिनिटं भरलीत. माझं मत विचाराल तर सहावीला रोज एक तास आणि आठवीला दीड तास, यापुढे सगळ्या विषयांचा मिळून गृहपाठ जाऊ नये. नव्या शिक्षकाला ज्येष्ठांपुढे हे मांडणं अवघड वाटतं. तक्रार म्हणून न मांडता मुलांच्या ‘लागलं’च्या वह्या दाखवा, मुख्याध्यापकांना त्या वाचायला आवडतात.

मुलांकडे गृहपाठाची एकच छोटी वही. तीत प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी : काय, कुठवर, कधी. ‘भूगोल’ एवढंच लिहिलं तर ते चालायचं नाही. ‘भूगोल, स्वाध्याय, प्रश्न २ आणि ३, गुरुवारी’ असं हवं. शाळा सुटायच्या पाच मिनिटं आधी सगळ्यांनी ती वही काढायची आणि शेजाऱ्याची तपासायची. दप्तर रात्री भरायचं. एवढंच.

पायरी ४ : मोठं काम उलटं मोजत तोडायचं

‘रात्र थोडी सोंगं फार’ ही म्हण प्रकल्प जमा करायच्या आदल्या रात्री घराघरांत खरी होते. आई चित्रं चिकटवतेय, बाबा स्टेशनरीच्या दुकानाचं शटर वाजवतायत. प्रकल्पाला पंधरा दिवस दिले होते. पण मुलाच्या लेखी तो एकच दिवस होता, शेवटचा.

त्यामुळे प्रकल्प दिलात त्याच दिवशी वर्गात बसून तो तोडा. समजा विषय आहे ‘आपल्या गावातील पाण्याचे स्रोत’ आणि जमा करायची तारीख २० आहे. घरोघरी भिंतीवर असते तशी दिनदर्शिका समोर ठेवा. आई त्यावर दुधाचा खाडा मांडते, गॅसची टाकी कधी लावली ते लिहिते. मुलांना ती वापरायची सवय आधीपासून असते. पहिल्यांदा त्यावर जे दिवस आपले नाहीत ते फुलीने काढा. शिराळ्याची नागपंचमी, गणपती, तासगावचा रथोत्सव, मार्गशीर्षातली पुसेगावची सेवागिरी यात्रा, पौषातली पालीची यात्रा, घरचं लग्नकार्य. यात्रेच्या दिवशी अभ्यास होणार नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. मुलांना आखणी खरी वाटते ती याच क्षणी.

मग शेवटाकडून मागे या. २० ला जमा. १९ मोकळा ठेवा, काहीतरी राहतंच. १७-१८ पक्कं लिहिणं. १५ ला आकृती. १२ ते १४ कच्चं लिहिणं. १० पर्यंत तीन माणसांशी बोलून झालं पाहिजे : घरातलं वडीलधारं माणूस, पाणी सोडणारे दादा आणि विहीर असलेला एखादा शेतकरी. पाणी सोडणारे दादा सकाळीच भेटतात, म्हणजे तो दिवस रविवार हवा. ८ ला प्रश्न तयार. बघता बघता मुलांच्या लक्षात येतं की काम आज सुरू करावं लागणार आहे. कुणी न रागावता.

प्रत्येक तुकडा एका बैठकीत होईल एवढाच हवा, आणि तो झाला की नाही हे दिसलं पाहिजे. ‘माहिती गोळा करणे’ हा तुकडा नाही. ‘आजीला जुन्या आडाबद्दल पाच प्रश्न विचारून उत्तरं लिहिणे’ हा तुकडा. मधल्या दोन तारखांना वर्गात नुसती एक नजर टाका. गुण द्यायची गरज नाही.

पायरी ५ : घरी बसणं

आता कुठे वेळापत्रकाची वेळ आली, आणि तेही छोटं. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन तरुणाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थीदशेत टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं विश्रांती अशी रीत बसवली. ती जगभर वापरली जाते. आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांना १५ मिनिटांपासून सुरू करा, आठवीपर्यंत २५ वर न्या. विश्रांतीत उठायचं, पाणी प्यायचं, अंगणात एक चक्कर मारायची. मोबाइल हातात घेतला तर ती पाच मिनिटं पाच राहत नाहीत.

वेळेपेक्षा खूण जास्त टिकते. ‘रोज ६.४५ ला अभ्यास’ हे खेड्यातल्या घरात मोडतं, कारण म्हैस कधी लवकर पान्हा सोडते, कधी नाही. त्याऐवजी प्रत्येक मुलाकडून एक वाक्य लिहून घ्या, ‘जेव्हा’ने सुरू होणारं. ‘जेव्हा मी डेअरीतून किटली घेऊन घरी येईन, तेव्हा हातपाय धुऊन पहिल्यांदा गणिताची वही काढीन.’ ‘जेव्हा क्लासवरून येऊन चप्पल काढीन, तेव्हा दप्तर सोप्यातल्या टेबलावर ठेवीन.’ ठरवलेली कृती एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली की ती पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून पुढे आलं आहे. वाक्य मुलानेच लिहायचं, तुम्ही सांगायचं नाही. पहिलं काम सगळ्यात नावडतं की सगळ्यात सोपं, यावर शिक्षकांत वाद होतो. दोन्ही आठवडाभर करून बघू द्या आणि वहीत काय दिसतं ते विचारा.

मोबाइल-टीव्हीचा प्रश्न एकट्या मुलावर टाकू नका. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे गाव याबाबत वाट दाखवतं. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत बंद राहतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. कोरोनाच्या काळात शाळेसाठी हातात आलेला मोबाइल मुलांच्या हातून सुटेना, हे त्यामागचं कारण. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की नियम मोठ्यांनाही आहे. तुमच्या गावात भोंगा नसेल, पण पालकसभेत एका आळीपुरतं, आठ-दहा घरांपुरतं हे ठरवता येतं. “मॅडम, आमचं पोरगं ऐकतच नाही ओ,” असं म्हणणाऱ्या आईला एवढंच विचारा, “ताई, त्या तासात घरातला मोबाइल कुणाच्या हातात असतो?” रागाने विचारू नका. बऱ्याच घरांत मोबाइल एकच असतो आणि तो वडिलांकडे असतो. म्हणून पालकसभा वडिलांना जमेल अशा वेळी घ्या.

खेळाचा वेळ कापून अभ्यास वाढवायचा नाही, हेही त्याच सभेत सांगा. मैदानावरून आलेलं मूल जास्त वेळ एका जागी बसतं.

पायरी ६ : पेपरातली मिनिटं

इथे आकडे स्वतःच बोलतात. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. नवोदयच्या सहावी प्रवेशाला ८० प्रश्न आणि २ तास, म्हणजे ९० सेकंद. आठवीच्या एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती) परीक्षेत एकेका पेपरात ९० प्रश्न, ९० मिनिटं. प्रश्नाला एकच मिनिट. हे भागाकार मुलांकडूनच करवून घ्या. मग डोळे मिटून ७२ सेकंद झाले की हात वर करायला सांगा. बहुतेक हात लवकर वर जातात. ७२ सेकंद बराच मोठा वेळ असतो, हे कळलं की निम्मी घबराट जाते.

सराव तीन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत वाचता क्षणी येतात ते प्रश्न. अडलं की प्रश्नपत्रिकेवर खूण करून पुढे. दुसऱ्या फेरीत खूण केलेले. शेवटची दहा मिनिटं तपासणीला. एक धोका जरूर सांगा : प्रश्न सोडून पुढे गेलं की उत्तरपत्रिकेवरचं वर्तुळ एक ओळ वर सरकतं आणि पुढची सगळी उत्तरं चुकतात. दर पाच प्रश्नांनी क्रमांक बोट ठेवून जुळवायची सवय वर्गातच लावा. वर्तुळं शेवटी एकदम रंगवू हा विचार मुळातच मोडून काढा.

लेखी परीक्षेत गुण आणि मिनिटं यांचा मेळ दाखवा. मुलं दोन गुणांच्या आवडत्या प्रश्नाला पानभर लिहितात आणि पाच गुणांचा निबंध चार ओळींत गुंडाळतात. चाचणीनंतर उत्तरपत्रिका परत देताना ‘कोणत्या प्रश्नाला किती वेळ गेला असेल’ हे समासात पेन्सिलने लिहायला सांगा.

पायरी ७ : शनिवारची दहा मिनिटं

शनिवारी सकाळची शाळा असते, सुटायच्या आधी दहा मिनिटं काढा. तीन प्रश्न, तोंडी नाहीत, वहीत : या आठवड्यात कोणतं काम वेळेत झालं? कोणतं राहिलं आणि का? पुढच्या आठवड्यात एक काय बदलणार? तिसऱ्याचं उत्तर एकच गोष्ट हवी. ‘रोज खूप अभ्यास करीन’ असं आलं तर परत पाठवा, “म्हणजे नक्की काय करशील रे?” असं विचारून.

पहिल्या सत्रात हे सगळं तुम्ही चालवायचं. दिवाळीनंतर फळ्याचा कोपरा, दिनदर्शिका, शनिवारचे प्रश्न एकेक करून मुलांकडे सोपवा. तुम्ही आठवण करायची थांबलात आणि तरी वही निघाली, तर ती सवय त्यांची झाली असं समजा.

जे मागे राहतात त्यांचं

वर्गात दोन-चार मुलं अशी असतात की सगळं करूनही वही हरवते, वेळ निसटतो. त्यांच्यासाठी पायऱ्या तोडा : दिवसाला एकच काम, एकच ‘वाटलं-लागलं’, बाकावर समोर छोटं घड्याळ, आणि शेजारी वही बघणारा सोबती. शिक्षा म्हणून सुट्टी कापू नका. या मुलांना धावण्याची गरज सगळ्यात जास्त असते. महिनोन्महिने फरक पडलाच नाही, लक्ष कुठेच टिकत नसेल, तर केंद्रातल्या विशेष शिक्षकांशी बोला, घरच्यांना डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं हंगामात अधेमधे दाखल होतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांच्याकडे भिंत नाही की दिनदर्शिका टांगावी, आणि फडावर बाप पहाटे तीनला उठतो. त्यांना गृहपाठाचं ओझं न देता शाळेतच शेवटची वीस मिनिटं द्या. ‘वाटलं-लागलं’ची वही मात्र त्यांनाही द्या, ती कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीतही चालते आणि बैलगाडीतही.

एप्रिलअखेर निकालपत्रकं तयार करताना मुलांच्या या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. प्रत्येकाने मागच्या पानावर पाच ओळी लिहायच्या : माझ्या कोणत्या कामाला साधारण किती मिनिटं लागतात. ‘मराठीचा स्वाध्याय २५. गणिताची पाच उदाहरणं ३०. नकाशा भरणे १५. कविता पाठ करणे, दोन बैठका.’ सही, तारीख. जूनमध्ये पुढच्या वर्गाच्या शिक्षकांच्या टेबलावर तो गठ्ठा ठेवा आणि गृहपाठ ठरवण्याआधी वरच्या दहा वह्या चाळा म्हणून सांगा.